पेटीतल्या छापील चिठ्ठ्या

६ जानेवारी, सोमवार

आजपासून दोन वह्या. एक मोठ्या बाईंसाठी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांसाठी. तिच्यात 'उपक्रम उत्साहात पार पडला' असं लिहायचं. दुसरी ही. हिच्यात खरं लिहायचं.

झालं असं की डिसेंबरात आठवीतल्या एका मुलाने शाळा सोडली. तो थोडा अडखळत बोलायचा. कुणीतरी त्याची नक्कल करून ग्रुपवर टाकली. ती निम्म्या शाळेच्या फोनवर फिरली, आणि आम्हा शिक्षकांना कळलं तेव्हा तो दाखला घेऊन गेलासुद्धा. आता बाई म्हणतात, सहावी ते आठवीला आठवड्यातून एक तास घ्या. सोशल मीडिया जपून कसा वापरायचा, कुणी छळलं तर काय करायचं. "संगणक तुमचा विषय, तेव्हा हेही तुमचंच." वडाची साल पिंपळाला. उद्या शाळेची घंटा बंद पडली तरी ती संगणकाचीच म्हणतील.

पण खोटं कशाला बोलू, आतून गुदगुल्या झाल्या. या शाळेत हे प्रकरण माझ्याइतकं कळतं कुणाला? माझ्या पेजवर दोन हजारांच्या वर माणसं आहेत. पेजचं नाव 'बाबा आणि ठकी'. ठकी म्हणजे आमची कन्या, याच शाळेत सातवी ब. तिचं पडणं, रडणं, रुसणं, पडलेला दात, मोडलेली सायकल, सगळं तिथे आहे. सगळ्यात गाजला तो रक्ततपासणीचा व्हिडिओ. बायको लॅबमध्ये रक्त घेण्याचंच काम करते, तिच्याच खुर्चीत ठकी, पाचवीतली, सुई बघून कानांत बोटं घालून पाढे म्हणतेय! गेल्या महिन्यात तिच्या वाढदिवसाला पुन्हा टाकला. अठराशे लोकांनी पाहिला.

९ जानेवारी, गुरुवार

पहिला तास. घसा बसला. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: टाकण्याआधी विचार करा. टाकायच्या आधी ज्याचा फोटो आहे त्याला विचारा. पोरांनी वहीत उतरवून घेतलं, काहींनी अधोरेखितही केलं.

मग पेटी दाखवली. शिपाईकाकांनी अडगळीतून काढून दिलेली पत्र्याची पेटी, वर फट, पुढे कुलूप, किल्ली माझ्याकडे. ज्याला जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहा, नाव नको. मी प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक देऊन उत्तर संगणक लॅबबाहेरच्या काचेच्या फळ्यावर लावीन. आणि शब्द दिला: "चिठ्ठी कुणाची, हे मी शोधणार नाही. शब्द म्हणजे शब्द."

मागच्या बाकावरची एक चष्मेवाली हसली. तिच्या शेजारणींनी कानांत बोटं घातली. माझा आवाज मोठा आहे हे मान्य, पण इतका?

१५ जानेवारी, बुधवार

पेटी उघडली. तेवीस चिठ्ठ्या. सतरा टवाळीच्या. (सर, तुमचा पासवर्ड काय? सर, तुम्ही केस रंगवता का?) चार खरोखरीच्या, त्यांना उत्तरं दिली. एक रिकामी. आणि एक छापील, आमच्याच लॅबच्या प्रिंटरची. डाव्या कडेला ती फिकट रेघ येते ना, ती होती.

'एखाद्याने आपला व्हिडिओ टाकला. काढ म्हटलं तर हसण्यावारी नेलं. मग काय करायचं?'

छापलीय बहुतेक अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. वेडी पोरं! माझ्या विषयात कुणी हाताने लिहीतच नाही. शाळेतल्या एकाही पोराचं अक्षर मला ठाऊक नाही. मला ओळखू येणार कुणाचं?

प्रिंटरच्या नोंदीत सगळं असतं, कुठल्या यंत्रावरून काय आणि कधी छापलं ते. हात शिवशिवले. पण नाही बघितलं. शब्द म्हणजे शब्द. स्वतःचंच कौतुक वाटलं.

उत्तर लावलं: 'क्रमांक १९. त्या व्यक्तीला पुन्हा एकदा स्पष्ट शब्दांत सांग. कारण नाही दिलंस तरी चालेल, "मला नको आहे" एवढं पुरेसं आहे. तरी ऐकलं नाही तर आई-बाबांना विश्वासात घे.' बाईंनी वाचून "छान" म्हटलं.

१६ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी मी भांडी विसळत होतो. ठकी येऊन शेजारी उभी राहिली, हात मागे बांधून.

"बाबा, तो आईच्या लॅबमधला व्हिडिओ काढ ना. मी स्पष्ट शब्दांत सांगतेय. मला नको आहे."

मला हसूच फुटलं. "अगं ए वकीलबाई! अठराशे लोकांनी पाहिलाय तो. गोड आहेस तू त्यात."

"मला नको आहे," पुन्हा तेच, आणि गेली खोलीत. हे वय म्हणजे अवघडच. काल अंगाखांद्यावर होती, आज स्पष्ट शब्दांत बोलते. 'आमच्याकडे आता स्पष्ट शब्दांत बोलणारी एक वकीलबाई राहते' असं पेजवर टाकलं. साठ हसरे चेहरे आले.

बायको म्हणाली, "चौथ्यांदा सांगितलंय तिने. काढून टाक की." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "तुझं 'बघू' म्हणजे नाहीच."

२० जानेवारी, सोमवार

आज मैदान मारलं!

सकाळच्या सभेत सहावी ते आठवी एकत्र. बाईंनी मला व्यासपीठावर बोलावलं. पोरं आपल्याला 'आपला माणूस' मानत नाहीत तोवर मनातलं बोलत नाहीत, हे माझं ठाम मत. गेला आठवडाभर बघतोय, पोरांत एक नवीन खूळ आलंय. एकाने कानांत बोटं घालायची, डोळे मिटायचे, आणि बाकीच्यांनी ओरडायचं, "एकवीस!" जिन्यात, पाण्याच्या नळाशी, बसच्या रांगेत. काय खेळ आहे देव जाणे. तर मी माईकसमोर गेलो, काही न बोलता कानांत बोटं घातली, डोळे मिटले आणि जोरात म्हटलं, "एकवीस!"

सभागृह कोसळलं. पाय आपटले पोरांनी. चष्मेवाली तर अक्षरशः खाली बसली हसत. सात वर्षांत मला इतका हशा मिळाला नाही. सातवी 'ब'च्या रांगेत ठकीला शोधलं, तिने बघायला हवं होतं बाप काय चीज आहे ते. ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. बराच वेळ बांधत होती.

बाईंच्या वहीत लिहिलं: मुलांशी जवळीक साधण्यात यश.

२१ जानेवारी, मंगळवार

ठकी शाळेत आली नाही. पोटात दुखतंय म्हणे. डबा कालचा तसाच परत आला होता.

संध्याकाळी बायकोने दुसरंच काढलं. ठकीला पुढच्या वर्षी मावशीकडे राहून तिकडच्या शाळेत जायचंय. फॉर्मही मागवून घेतलाय पोरीने मावशीकडून. एकतीस तारखेपर्यंत द्यायचाय. बापाला पत्ता नाही!

मी विचारलं, "काय कमी आहे गं इथे?"

"काही नाही."

"मग?"

"तिकडे मला कुणी ओळखत नाही."

हे काय कारण झालं? माणसं ओळख वाढवायला धडपडतात. मी घरभर फेऱ्या मारल्या. बायको म्हणाली, "एका जागी बस, पायाला भिंगरी लागल्यासारखा काय फिरतोस." बसवेना. माझी पोर. मावशीकडे. वर्षभर. आणि सकाळी शाळेत जाताना स्कूटरवर मागे कोण बसणार?

२३ जानेवारी, गुरुवार

पेटीत पुन्हा छापील चिठ्ठी. तीच फिकट रेघ.

'स्पष्ट सांगितलं. पुन्हा हसले. आणि आई-बाबांना सांगा असं लिहिलंय, पण टाकणारं माणूस असं असेल की ज्याला सांगायचं तेच तर?'

म्हणजे हे पोरापोरांतलं नाही. कुणीतरी मोठं माणूस आहे, ज्याच्यावर विश्वास ठेवायला आम्ही सांगतो असं. शिक्षक! चित्रकलेचे सर आठवले. प्रत्येक कार्यक्रमात गळ्यात कॅमेरा. माणूस कमी बोलतो. कमी बोलणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून भरवसा नाही.

उत्तर लावलं: 'क्रमांक ३१. घाबरू नकोस. ती व्यक्ती कितीही मोठी असो, मी तिला सोडणार नाही.'

२४ जानेवारी, शुक्रवार

मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या खोलीत गेलो. आडून आडून विचारत होतो, पण आडून बोलणं मला कधी जमलंय? शेवटी सरळच विचारलं, "तुम्ही पोरांचे फोटो काढता ते कुठे टाकता?"

ते ब्रश धूत होते, धूतच राहिले. "कुठेच नाही. शाळेच्या कपाटात आल्बम आहे. आणि काढायच्या आधी विचारतो. काहींना नको असतं."

"असं कोण म्हणतं नको?"

"तुमची ठकी म्हणते. गेल्या संमेलनात तिचा एकही फोटो नाही, बघा."

मी आल्बम बघितला. खरंच नाही. माझ्या पोरीचा एकही नाही! मला रागच आला. विचारायचं काय त्यात, पोरं लाजतातच, आपण काढायचा. तसं म्हणालो. ते ब्रश पुसत म्हणाले, "सर, तुमचा तो तास फार चांगला असतो असं ऐकतो. एकदा मागे बसून ऐका." टोमणा होता का? मागे बसलो तर शिकवणार कोण?

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळी पेटी उघडली, एकच चिठ्ठी, छापील.

'राहू द्या, सर. एकतीस तारखेनंतर प्रश्नच मिटेल.'

एकतीसला काय करणार आहे हे लेकरू? काय मिटेल? मला त्या आठवीतल्या मुलाचा चेहरा आठवला, आणि त्याहून वाईट काहीबाही आठवलं, ते मी इथे लिहिणार नाही. गेला खड्ड्यात शब्द. लॅबचं दार लावून घेतलं आणि प्रिंटरची नोंद उघडली.

काल, चौथा तास, यंत्र क्रमांक चौदा. आधीची चिठ्ठी, चौदा. पहिली, चौदा. तिन्ही वेळा सातवी 'ब'चा तास.

कोण कुठल्या यंत्रावर बसतं त्याचा तक्ता भिंतीवरच आहे, मीच केलेला. बघायची गरज नव्हती. चौदा नंबरचं यंत्र कधी अडत नाही म्हणून मी ते ठकीला दिलंय.

पहिल्यांदा वाटलं, मैत्रिणीसाठी छापत असेल. हो, तसंच असेल, मनाने मऊ आहे पोरगी. मग वाटलं, कुणीतरी तिच्या जागेवर बसलं असेल. मग मी तिन्ही चिठ्ठ्या ओळीने टेबलावर मांडल्या. 'काढ म्हटलं तर हसण्यावारी नेलं.' 'पुन्हा हसले.' 'ज्याला सांगायचं तेच.'

फोन काढला. पेज उघडलं. रक्ततपासणीचा व्हिडिओ लावला. मी तो शंभरदा पाहिला असेल, पण बहुतेकदा आवाज बंद करून, किती जणांनी पाहिला तो आकडा बघायला. आज आवाज मोठा केला. खुर्चीत माझी पोर, कानांत बोटं, डोळे घट्ट मिटलेले. सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक... आणि सुई टोचते, आणि ती किंचाळते.

"एकवीस!"

मागून हसण्याचा आवाज येतो. तो माझा आहे.

२९ जानेवारी, बुधवार

काल तिच्याशी बोललो, ते आज लिहितोय. काल लिहिता येईना.

ती खोलीत वही झाकून बसली होती. मी दारात उभा राहिलो. तीच म्हणाली, "प्रिंटरची नोंद बघितलीस ना?"

"शब्द मोडला मी."

"मला वाटलं होतं पहिल्याच चिठ्ठीला मोडशील. तुला कुठे राहवतं? मी म्हटलं, छापली की बाबा लगेच बघणार. दोन आठवडे लागले तुला."

म्हणजे अक्षर लपवायला नाही, मला सापडावं म्हणून छापलं होतं. आणि आयुष्यात एकदाच मी हात आवरला, तोही नको तिथे. स्वतःचं कौतुक केलं होतं वर!

"मला तोंडाने का नाही सांगितलंस, ठके? शाळेत काय चाललंय ते?"

"घरातल्या बाबाला तीन वेळा सांगितलं. तो हसतो. मग म्हटलं, शाळेतल्या सरांना सांगून बघू, ते पोरांचं ऐकतात." तिने वही दप्तरात सारली. "सरांनी लिहिलं, बाबांना सांग."

मी तिथेच जमिनीवर बसलो. ती सांगत गेली. वाढदिवसाला व्हिडिओ पुन्हा टाकला त्याच दिवशी कुणीतरी उतरवून घेतला. मग तेवढा एक तुकडा, मग स्टिकर, मग वर्गाच्या ग्रुपचं नावच 'एकवीस'. रोज घरी येताना बसमध्ये, रोज जिन्यात. "आणि मग तू सभेत केलंस." एवढंच म्हणाली. त्याच्यावर ती रडली नाही. मीच रडलो, अगदी हुंदके देऊन, आणि बायको दारात येऊन उभी राहिली, हातात टॉवेल तसाच.

मग माझ्या डोक्यात काय यावं? सांगायलाही लाज वाटते. मी म्हटलं, "मी आत्ताच्या आत्ता पेजवर माफीचा व्हिडिओ टाकतो. सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो. दोन हजार लोकांना कळू दे."

"बाबा!" ती किंचाळलीच. "यावरही टाकणार?"

फोन मी तिच्या हातात दिला.

३० जानेवारी, गुरुवार

ठकीला विचारून बाईंकडे गेलो. विचारून, हे मुद्दाम लिहितोय. तिने अट घातली: सभा नाही, भाषण नाही, वर्गासमोर माफी नाही. चष्मेवालीला आणि आणखी दोघांना त्यांच्या आई-वडिलांसकट बोलवायचं, ग्रुप बंद करायचा, बस.

बोलावलं. मी रात्रभर शब्द जुळवून ठेवले होते. चष्मेवाली वडिलांच्या मागे उभी, नखं खात. मी विचारलं, "असं का केलंत गं?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, उद्धटपणे नाही, खरंच गोंधळून, "पण सर, तो तुमच्याच पेजवर होता. खाली तुम्हीच हसरे चेहरे टाकले होते. आणि सभेत तर तुम्हीही केलंत. आम्हाला वाटलं चालतं."

तिचे वडील तिला दटावायला लागले. मी म्हटलं, थांबा, बरोबर बोलतेय ती. मग तिला सांगितलं, "माझं चुकलं. आणि तुझंही चुकलं. ती रडवेली झालेली तुला दिसत होती. मला दिसत नव्हती, कारण मी बघत नव्हतो. तू तर बघत होतीस." तेव्हा तिचा चेहरा पडला. ग्रुप बंद झाला, समोरच. तुकडे कुणाकुणाच्या फोनवर आहेत ते कोण सांगणार? सांडलेलं दूध भांड्यात भरता येत नाही. पोरांना हे वाक्य मी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, आवाज चढवून.

जाताना चित्रकलेच्या खोलीत डोकावलो. "तुमच्यावर संशय घेतला होता," म्हटलं. "कळलं होतं," म्हणाले, आणि चहाचा कप पुढे केला.

३१ जानेवारी, शुक्रवार

शाळेतून आल्यावर ठकी आणि मी शेजारी शेजारी बसलो. पेजवर चारशे बारा गोष्टी निघाल्या. ती एकेक उघडायची आणि सांगायची. काढ. काढ. काढ. हा काढ. सायकलच्या फोटोवर थांबली, हसली, म्हणाली, "हा काढ, पण आधी आजीला दाखव." पडलेल्या दाताचा. काढ. मला प्रत्येकाला वाटत होतं, अरे, हा तरी राहू दे. तोंड घट्ट मिटून बसलो. मिटलेलं तोंड ही माझ्यासाठी केवढी कसरत आहे ते बायकोला विचारा.

शेवटी पेजच रिकामं झालं. नावही काढून टाकलं.

फॉर्म टेबलावर होता. मावशीची सही झालेली, खाली माझ्या सहीची जागा कोरी. पाच वाजत आले होते. मी पेन काढलं. "तू म्हणशील ते," म्हटलं, आणि खरंच तसंच म्हणायचं होतं मला. सही केली. सही कसली, गांडूळ झालं.

तिने सही बघितली. मग फॉर्म घडी घालून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

"मावशीला सांगते, तिकडच्या शाळेला दोन-तीन दिवस थांबा म्हणावं. सोमवारी बसने जाऊन बघते. मग ठरवते."

"स्कूटरवर चल की. मी आहे ना."

"बसने," ती म्हणाली.

३ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. पहिल्या तासाला दोनदा चुकीचा वर्ग गाठला. पोरं हसली, हसू दे. जिन्यात काही ऐकू येतंय का म्हणून मी खांबाआड उभा राहिलो, शिपाईकाकांनी पकडलं, म्हणाले, "सर, तुम्ही कुणापासून लपताय?" बस सुटताना बघायला गेलो नाही. जायचं नाही असं ठरवलं होतं. जिन्यापर्यंत गेलो, परत फिरलो.

घरी आल्यावर मी काही विचारलं नाही. कपड्यांच्या घड्या घातल्या, त्याच त्याच. ती आपणहून आली, घड्या घातलेल्या कपड्यांवर बसली आणि सांगायला लागली. बसमध्ये काय झालं, चष्मेवाली काय म्हणाली, ती स्वतः काय म्हणाली, फॉर्मचं तिने काय ठरवलंय आणि का. सगळं सांगितलं. अर्धा तास. मी मध्ये एकदाही बोललो नाही.

मग मी ही वही दाखवली. म्हटलं, हिच्यात मी रोजचं लिहितो, कुणी वाचत नाही. आजचं लिहू का?

तिने वही मिटली.

"नको," म्हणाली.

म्हणून लिहीत नाही.